फळीवरची मोळी आणि अहवालाचा सीझन

बारावी आर्ट्सचा निकाल लागल्यावर मी राजारामपुरीतल्या एका व्यवसाय-प्रशिक्षण संस्थेत अ‍ॅनिमेशन आणि ग्राफिक डिझाइनला नाव घातलं. आत्याचं म्हणणं होतं, असलं शिकायचंच असेल तर पोरीला पुण्याला धाडा. पप्पा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहेत. त्यांनी विषय तिथल्या तिथं संपवला : "बाबूराव पेंटर कुठले? मग ती हितंच शिकंल."

पप्पांच्या बोलण्यात तथ्य होतं. बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले, कॅमेरा परदेशातून मागवण्याऐवजी इथंच घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. म्हणजे हलणारं चित्र आणि जाहिरातीचं चित्र, आमच्या कोर्सचे दोन्ही भाग, याच गावात एका माणसाच्या हातून घडून गेलेत. पुढं 1929 मध्ये त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली तीही कोल्हापुरात. पुण्याला ती 1933 मध्ये गेली. आत्याला हे सगळं पप्पांनी सांगितलं नाही, पण मला ते त्या दिवसापासून धीर देत आलंय.

कागलजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं सीबीएस, म्हणजे कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक, तिथून राजारामपुरी. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. फीचे हप्ते भरताना या अर्ध्या तिकिटाचा आमच्या घराला किती आधार झाला ते आईला विचारा.

पहिले काही महिने कॉम्प्युटर लॅबचं दार आम्हाला फक्त बाहेरून माहीत होतं. बरीच मुलं यामुळं नाराज झाली, दोघं-तिघं सोडूनही गेली. त्यांच्या घरच्यांनी सॉफ्टवेअरसाठी पैसे भरले होते आणि मुलगा तर दिवसभर कागदावर रेघा ओढत बसलेला. मला शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती, त्यामुळं चित्रकला येते अशी माझी खात्री होती. पण त्या परीक्षांत स्थिरचित्र असतं, तांब्या आणि कांदा तासभर हलत नाहीत. इथं सरांनी सांगितलं, खोडरबर घरी ठेवून या, बॉलपेन आणा आणि बसस्थानकावर जाऊन बसा. माणूस एका जागी मिनिटभर थांबतो, तेवढ्यात त्याचं अख्खं शरीर चार-पाच रेघांत उतरलं पाहिजे.

सीबीएसच्या फलाटावर माणसं कशी उभी राहतात ते मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. गाडीची वाट बघणारा माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन क्वचितच उभा असतो. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर येते आणि त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. हातात पिशवी असली तर डोकं उलट्या बाजूला कलतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात तराजू धरणारी भाजीवाली, हमाल, लहान मूल कडेवर घेतलेली बाई, या सगळ्यांत तोच हिशोब वेगवेगळ्या आकड्यांनी मांडलेला दिसतो. हे दिसायला लागलं की चेहरे, नाक, डोळे काढायची घाई संपते. सरांना हेच हवं होतं.

मग लाइट बॉक्स आला. खाली दिवा, वर दुधी काच, कागद सरकू नयेत म्हणून पेग बार आणि त्यात बसणारे भोकं पाडलेले कागद. सिनेमाच्या एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर 12 चित्रांत सेकंद भागतो. याला सगळे 'टूजवर काम करणं' म्हणतात. पहिला धडा सगळीकडे असतो तोच, उसळणारा चेंडू. चेंडू वर पोचतो तिथं चित्रं एकमेकांना चिकटून काढायची, खाली येताना त्यांच्यातलं अंतर वाढवत न्यायचं. जमिनीला टेकतो त्या चित्रात चेंडू चपटा होतो, पण चपटा होताना रुंदावलाही पाहिजे. त्याच्यातला ऐवज कमी झाला तर तो चेंडू न वाटता फुगा वाटतो. त्यानंतर त्याच आकाराचा लोखंडी गोळा. वर्तुळ तेच, रेघ तीच, फक्त चित्रांमधलं अंतर आणि उसळ्यांची संख्या बदलायची आणि बघणाऱ्याला लोखंड कळलं पाहिजे. हा धडा पहिल्यांदा जमतो तेव्हा अंगावर काटा येतो. आजही येतो.

यातली तत्त्वं डिस्नेच्या स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 मध्ये 12 म्हणून नीट मांडली. आपल्याकडं ती त्याआधीच पोचली होती. त्याच स्टुडिओतले क्लेअर वीक्स 1956 मध्ये मुंबईला सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि पुढं भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. आणि त्याच्याही आधी, 1915 च्या सुमाराला, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम सरकवत नाचवल्या होत्या. सरांनी आम्हालाही एकेक काड्यापेटी दिली आणि मोबाइल स्टँडला लावून तेच करायला सांगितलं. काड्या रांगेनं पेटीतून बाहेर पडतात, वर्तुळ करतात आणि परत आत जातात. एवढंसं काम, पण त्यात हात कधी थांबवायचा ते शिकायला मिळालं, कारण काडी प्रत्येक वेळी सारख्याच अंतरानं सरकवली तर ती यंत्रासारखी चालते.

चालण्याच्या धड्यापाशी मात्र मी रेंगाळले आणि तिथंच मला माझ्या कोर्सच्या प्रकल्पाचा विषय सापडला. पुस्तकातलं चालणं चार मुख्य चित्रांत बसवतात : टाच टेकते ते, शरीर खाली दबतं ते, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ते, आणि शरीर वर उचललं जातं ते. वर्गातल्या काही मुलांनी तालमीत जाऊन पैलवानांचं चालणं टिपून आणलं. मांड्या भरलेल्या असल्यानं पाय फाकलेले, हात अंगापासून लांब, पाऊल सावकाश. छान झालं त्यांचं. मला गावाकडं बघायचं होतं.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडात ऊस तोडून मोळ्या बांधतात आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढतात. हे मी लहानपणापासून बघत होते. आता बघताना चार चित्रांचा तो नियम फळीच्या पायथ्याशीच मोडताना दिसला. सपाट रानातून मोळी नेणारी बाई वरखाली होतच नाही. मान ताठ, डोकं जवळपास एका पातळीत, पावलं आखूड आणि भराभर, सगळा सांभाळ कमरेत आणि गुडघ्यात. फळीपाशी आली की क्षणभर थांबते, श्वास घेते, पुढचा पाय फळीवर दाबून बघते. मग चढते.

शूटिंग करू का म्हणून मी टोळीतल्या एका बाईला विचारलं. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "काढ की, पर तोंड दावू नको." मी तिच्या पायांचं आणि पाठीमागून शरीराचं चित्रण केलं. विसावा घेताना तिनं आपणहून एक गोष्ट सांगितली जी मला व्हिडिओ बघूनही कळली नसती. "मधी आलं की फळी उसळती. ती खाली जाऊन वर येऊस्तवर थांबायचं, मग म्होरचा पाय टाकायचा. नाही तर फेकती." फळीच्या उसळीला स्वतःची लय जुळवून ती वर जात होती. कुठल्याही कोर्सच्या चार चित्रांत हे बसणारं नव्हतं.

माझ्या प्रकल्पाचा जीव तेवढाच आहे. एक बाई, एक मोळी, एक फळी. चेहरा नाही. चालण्याचा भाग टूजवर काढला, पण फळीचं थरथरणं टूजवर तुटक दिसत होतं, म्हणून तेवढा भाग प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढून केला. मोळीच्या टोकाला लोंबणारी पाचट शरीर थांबल्यावरही थोडी हलत राहते. ती हालचाल जरा उशिरा सुरू होऊन जरा उशिरा संपते, तेव्हा मोळीला जडपणा येतो. पावलांचा आवाज, फळीची करकर आणि मोळी ट्रॉलीत टाकल्याचा धप्प, हे आवाज मी फडातूनच आणले. चित्रं स्कॅन करून रंग आणि जोडणी कॉम्प्युटरवर केली. कागल तालुक्यातल्या रानात एवढा अवघड, एवढा देखणा हालचालीचा धडा रोज चालू असतो आणि तो शिकवणाऱ्या बाईला तोडीच्या टनावर मजुरी मिळते, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल, आफ्टर इफेक्ट्स, थ्रीडीसाठी ब्लेंडर. बटणं कुठं आहेत ते समजायला वेळ लागत नाही आणि नवी आवृत्ती आली की ती हलतात. ब्लेंडर आणि क्रिटा फुकट मिळतात, त्यामुळं घरी जुन्या कॉम्प्युटरवरही सराव होतो. महागड्या सॉफ्टवेअरच्या नावावर फी वाढवणाऱ्या जाहिराती बघून कुणी बिचकू नये, एवढंच म्हणेन.

ग्राफिक डिझाइनचा भाग आम्ही सगळ्यांनी सोपा धरला होता. संस्थेत अक्षरांचा तास होता, पण तो रोमन अक्षरांवर सुरू होऊन तिथंच संपला. दोन अक्षरांतलं अंतर, ओळींतलं अंतर, फॉन्टची घराणी, सगळी उदाहरणं इंग्रजी. कोल्हापुरात छापली जाणारी बहुतेक सगळी कामं मराठीत असताना मराठी अक्षर कसं मांडायचं हे शिकवायला कुणी नव्हतं, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आता जास्त वाटतं. ते शिक्षण मला शहरातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मिळालं. प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी मी तिथं गेले आणि डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्याच्या, खुर्चीवर आयुष्य घालवलेल्या काकांच्या शेजारी बसले.

त्यांच्याकडून जे मिळालं ते लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल. मराठीत अक्षरं फाकवायची नाहीत. इंग्रजी मथळ्याला ऐट आणायला अक्षरांतलं अंतर वाढवतात. तेच देवनागरीला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींतलं अंतर सॉफ्टवेअर आपोआप देतं ते रोमनच्या मापानं, त्यात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, म्हणून ते हातानं वाढवायचं. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी टाइप करण्याआधी भारतीय लिपींचा पर्याय चालू करायचा. तो नसला तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघायचं. शेंडीचा श आणि दोन पाकळ्यांचा ल ही आपली वळणं, 2009 च्या शासन निर्णयातही तीच आहेत, पण कित्येक फॉन्ट हिंदी वळण पुढं करतात. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करून द्यायची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

काळ्या रंगाचा धडा मला सगळ्यात जास्त आवडतो. पडद्यावर काळं ते काळं. छपाईत काळं दोन तऱ्हांनी होतं : फक्त काळ्या शाईचं, किंवा चारही शाया एकावर एक पडून झालेलं. मोठ्या पट्टीला चार शायांचं काळं खुलून दिसतं. पण बारीक मजकूर त्या काळ्यात दिला आणि मशीनवर एखाद्या शाईची प्लेट केसभर जरी सरकली, तरी प्रत्येक मात्रेला लाल-निळी सावली येते. मराठीत वर मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेषा, त्यामुळं ते इंग्रजीपेक्षा लवकर डोळ्यात भरतं. मशीनमननी मला भिंगातून असा एक खराब कागद दाखवला. त्यानंतर बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवणं हे हाताचं वळणच होऊन गेलं.

कोल्हापूर जिल्हा सहकाराचा. दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या, पतसंस्था, बँका, साखर कारखाने, सगळ्यांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि सभेआधी अहवाल सभासदांच्या हातात पडावा लागतो. त्यामुळं जुलैपासून सगळ्या प्रेसमध्ये अहवालाचा सीझन. त्यात गणपती मंडळांची कामं मिसळतात. या सीझनमध्ये प्रेसला बसलेल्या मुलाला वर्षभराचा अभ्यासक्रम पुरून उरेल असं माझं ठाम मत आहे. ताळेबंदाचे आकडे एकाखाली एक आले पाहिजेत, संचालक मंडळाच्या फोटोंत कुणाचं डोकं मोठं कुणाचं लहान चालत नाही, पानं फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या, हिशोबात बसली पाहिजेत, कटिंगसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडला पाहिजे. ताळेबंद वाचनीय करणं हे डिझाइनचं काम आहे, आणि मोठं काम आहे. ज्या आजोबांचे शेअर्स त्या सोसायटीत आहेत, त्यांना चष्मा लावून आपलं कर्ज आणि व्याज सापडलं पाहिजे. काकांनी मला पहिल्या अहवालाचं प्रूफ परत दिलं ते यासाठीच : "आकडे आणखी एक पॉइंट मोठे कर. सभासद म्हातारा हाय."

माझ्याबरोबरचे काही जण पुण्या-मुंबईच्या व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर घडवणाऱ्या, स्टुडिओंत गेले. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला रोटो येतं, म्हणजे चित्रित केलेल्या माणसाच्या कडेनं फ्रेमगणिक रेघ ओढून त्याला पार्श्वभूमीपासून सुटं करायचं. चिकाटीचं काम आहे, त्यातून पुढं जाणारेही आहेत. पण कोर्सच्या जाहिरातीत सिनेमांची नावं मोठ्या अक्षरात असतात आणि रोटोचा शब्दही नसतो, हे प्रवेश घेणाऱ्या मुलांना आधी सांगायला हवं. माझ्याकडं गावातली मुलं विचारायला येतात तेव्हा मी त्यांना संस्थेत जाऊन आधी जुन्या विद्यार्थ्यांचं हातानं काढलेलं काम बघायला मागा म्हणते. प्रमाणपत्र राज्याच्या व्यवसाय शिक्षण मंडळाचं आहे की संस्थेचं स्वतःचं, ते कागदावर बघा. प्रेसमध्ये किंवा स्टुडिओत किती आठवडे बसवणार ते विचारा. मराठी अक्षरावर एकही तास नसेल तर तो ठेवा म्हणून भांडा. मुलींच्या घरच्यांना संध्याकाळच्या शेवटच्या एसटीची काळजी असते, तर लॅबची वेळ फी भरण्याआधी ठरवून घ्या.

मी कोल्हापुरातच राहिले. अहवालाच्या सीझनला प्रेसमध्ये असते, बाकीच्या वेळात छोटी अ‍ॅनिमेशनची कामं घेते. सध्या एका दूध संस्थेसाठी स्वच्छ दुधावरची फिल्म चालू आहे. धार काढण्याआधी कास कोमट पाण्यानं धुऊन पुसायची, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून दुधात गुठळ्या दिसतात का ते बघायचं, कासदाह असेल तर तो तिथंच कळतो. फिल्ममधली मावशी हे आमच्या बोलीत सांगते. आवाज आईचा घेतलाय. आई रेकॉर्डिंगला बसली आणि सहज म्हणून गेली, "आधी मी कास धुतो, मग धार काढतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, ते तसंच ठेवलं.

तोंडाच्या हालचालींचे जे तयार तक्ते मिळतात ते इंग्रजी आवाजांचे आहेत, म्हणून मराठीसाठी मी माझा तक्ता करत आणलाय. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात; व ला खालचा ओठ वरच्या दातांकडं जातो; ळ ला ओठ उघडेच राहतात आणि जीभ मागं वळते, ती दातांच्या फटीतून जराशी दाखवली की पुरतं. 'गुठळ्या' हा एकच शब्द मी आईकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला आणि मोबाइलवर फ्रेमगणिक बघितला. तो आता बसलाय. 'कासदाह' अजून बाकी आहे आणि फिल्म गणपतीच्या आधी द्यायची आहे.